कूलर बिघडला नव्हता!



मे महिन्यात दहावीच्या जादा तासाला 'उष्णता' हा पाठ चालू होता. एका मुलाने विचारलं, "बाई, नागपूरला मामाकडे कूलर लावला की गारठायला होतं. बाबांनी आंब्याच्या पैशातून तसाच कूलर आणला, पण आमच्याकडे अंग नुसतं चिकट होतं. तो बिघडलाय का?"

कूलर अजिबात बिघडला नव्हता. बिघडलंय ते आपलं शिकवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. आर्द्रता, दवबिंदू, अप्रकट उष्मा या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात, पण घरातल्या वस्तूशी त्यांचा संबंध आपण जोडून देत नाही. मग त्याची किंमत पालकांच्या खिशातून जाते.

कूलरचं काम सोपं आहे. ओल्या जाळीतून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, हे पुस्तकात आहेच. साध्या तापमानाला त्याहून थोड्या जास्तच लागतात. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. रत्नागिरीत पारा ३२-३३ वरच असतो, पण समुद्राच्या वाऱ्याने हवा आधीच बाष्पाने भरलेली. तिथे पाणी उडणार कसं? खिडक्या बंद करून कूलर लावला तर घामही सुकत नाही. अशा वेळी कूलरमध्ये पाणी न घालता, खिडकी उघडी ठेवून तो नुसता पंखा म्हणून वापरलेला बरा.

एसीचं तंत्र वेगळं. तो थंडी 'तयार' करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळीत द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते. काँप्रेसर ती वाफ दाबतो आणि बाहेरच्या जाळीत तिचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर पडते. आतल्या थंड नळीवर हवेतलं बाष्प जमतं, तेच पाइपातून ठिबकतं. त्याखाली बादली ठेवा आणि रोज किती पाणी जमतं ते मुलांना मोजू द्या. आर्द्रतेचा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. आणि हो, एसीचा 'टन' म्हणजे त्याचं वजन नव्हे! एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून टाकण्याची ती क्षमता.

पण एसीचा विचार करण्याआधी छपराकडे बघायला हवं. आपल्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती, कौलं, माळा आणि भोवती पडवी असायची. पडवीमुळे भिंतीवर ऊन येत नसे, वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाई आणि माळा मध्ये आडोसा धरी. वहन, अभिसरण, प्रारण, तिन्हींचा बंदोबस्त एकाच घरात! स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री दहा वाजता ती उष्णता आपल्या डोक्यावर सोडतो.

म्हणून सगळ्यांनी कौलारू घरात परत जावं, असं मी म्हणणार नाही. दरवर्षीची शाकारणी, वानरांनी फोडलेली कौलं आणि न मिळणारे कामगार, हे सगळं मीही भोगलंय. पण स्लॅबवर पावसासाठी आपण पत्र्याची शेड घालतोच. तिच्या बाजू मोकळ्या ठेवल्या तर खालून वारा खेळतो आणि उन्हाळ्यातही स्लॅब कमी तापतो. शेड नसेल तर स्लॅबला पांढरा चुना द्या. एसी घेतलाच तर २४ अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसीत सुरुवातीचं तापमान तेवढंच ठेवणं बंधनकारक आहे. प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की या पाठाचा एक तास फळ्यावर न घेता घरावर घ्या. न्हाणीतल्या हंड्यात वरचं पाणी आधी का तापतं, सोलरची टाकी पॅनेलच्या वर का असते, दुपारी आणि रात्री स्लॅबखाली तापमान किती असतं, हे मुलांना मोजून आणि लिहून आणायला सांगा. थिबा पॅलेसची सहल काढाल तेव्हा राजाच्या गोष्टीबरोबर तिथला जांभा आणि उतरती छपरंही दाखवा.

आणि पालकहो, पुढची खरेदी करण्याआधी दहावीतल्या मुलाला एकदा विचारून बघा. त्याला सांगता आलं नाही, तर आम्हाला येऊन जाब विचारा.