जाहिराती किती दाखवायच्या, हे ठरलेलं आहे

संपादक महोदय,


टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल तक्रार केली की ‘मग बंद करा ना टीव्ही’ हे उत्तर ठरलेलं. असं म्हणणाऱ्यांनी एकदा राहुरीहून नगरला एसटीने नोकरीला जाऊन यावं. नगर-मनमाड रस्त्याची धूळ, खड्डे, वर उभ्याने प्रवास (2023 पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धं झालं, त्याबद्दल आभार, बसायला जागा मात्र अर्धीसुद्धा मिळत नाही). घरी आल्यावर हात-पाय धुवायचे, ताटलीत गरम शेंगोळे घ्यायचे, वर कच्च्या तेलाची धार, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून अर्ध्या तासाची मालिका. एवढीच चैन. तीही दरमहा रिचार्ज मारून विकत घेतलेली.

मालिका कशी का असेना. खलनायिकेचं कारस्थान दाराआडून कुणीतरी ऐकतं आणि एका दचकण्यावर कॅमेरा तीनदा आदळतो, तेही आम्ही चालवून घेतो. पण केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधला सातवा नियम सांगतो की तासाला 12 मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत. त्यातली 10 मिनिटं व्यापारी जाहिरातींना, 2 वाहिनीच्या स्वतःच्या कौतुकाला. जाहिरात फार कर्कश नसावी, कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात तिची लुडबुड नसावी, हेही त्याच नियमात आहे. कोणत्याही दिवशी रात्री आठला टीव्ही लावा आणि यातलं काय पाळलं जातं ते बघा.

मालिकेतली पट्टी एक वेळ सोसेल, बातम्यांतली नाही. पावसाळ्यात मुळा धरण 26 टीएमसीला टेकलं की आम्हा नदीकाठच्यांना एकच आकडा हवा असतो: किती क्युसेक सोडलं? जायकवाडीकडे निघालेलं ते पाणी आमच्या दारावरून जातं. निवेदिका बोलत असते, आकडा पडद्यावर उमटतो, आणि नेमकी तेव्हाच खालून आणि बाजूने जाहिरात घुसते, बातमी कोपऱ्यात आक्रसते आणि आकडा साबणाच्या फेसाखाली जातो. ‘काय गं, किती सोडलं म्हणाली?’ सासूबाई विचारतात. मी काय सांगणार?

आवाजाची गंमत वेगळीच. जाहिरातीचा सर्वांत मोठा आवाज बहुतेकदा मालिकेइतकाच असतो. पण तिच्यातले बारीक आवाजही वर ओढून ठेवलेले असतात, म्हणून सगळीच्या सगळी अंगावर येते. अमेरिकेत यासाठी 2010 साली कायदा झाला, 2012 च्या डिसेंबरपासून लागूही झाला: जाहिरातीचा सरासरी आवाज कार्यक्रमापेक्षा जास्त नको. आपल्याकडे नुसतं ‘फार कर्कश नको’. फार म्हणजे किती, हे नियमात लिहिलेलंच नाही, मग मोजणार कोण आणि कशाने?

वाहिन्या म्हणतात, जाहिरातींशिवाय परवडत नाही. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडी हे मला पटतं. पण आमच्याकडून महिन्याचे पैसे घ्यायचे आणि जाहिरातदाराकडूनही मर्यादेबाहेर घ्यायचे, हे कसं? 2013 मध्ये ट्रायने (प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या दूरसंचार नियामकाने) 12 मिनिटांची मर्यादा अमलात आणायला घेतली, तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि सक्तीची कारवाई नको, असा अंतरिम आदेश मिळवला. तो त्यांचा हक्क आहे. मात्र कारवाई थांबली म्हणजे नियम पुसला गेला, असं कुणी सांगितलं?

सरकारने आवाजाची मर्यादा आकड्यांत लिहावी, ही माझी मागणी. आणि आपल्याकडे एक विनंती. मालिकांत पुढे काय घडणार, याला आपल्या पुरवणीत भरपूर जागा असते. तिथेच आठवड्यातून एकदा एक चौकट टाका: संध्याकाळी 7 ते रात्री 10 या वेळेत कोणत्या मराठी वाहिनीने तासाला किती मिनिटं जाहिराती दाखवल्या. माणूस नाही म्हणाल, तर घड्याळ लावून बसायला आमच्या सासूबाई तयार आहेत.

आपली,
एक वाचक, राहुरी (जि. अहिल्यानगर)