सही आज, पैसे सवडीने

जुन्या फ्लॅटच्या विक्रीचा दस्त नोंदवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मंडळी बाहेर पडतात, तेव्हा जवळपास प्रत्येकाचे काम झालेले असते. सरकारचे मुद्रांक शुल्क आधीच तिजोरीत गेलेले असते, नोंदणी फीही (किमतीच्या एक टक्का, कमाल 30 हजार) भरलेली असते. वकिलाने आपली फी मोजून घेतलेली असते आणि दलालाने दोन्हीकडची दलाली. खरेदीदाराच्या नावे घर आणि त्याच्या बँकेला तारण मिळण्याची वाट मोकळी झालेली असते. ज्याचे घर होते त्याच्या हाती मात्र दस्ताची झेरॉक्स असते, आणि ‘काका, पंधरा दिवसांत डिस्बर्समेंट होऊन जाईल’ असे कर्ज विभागातल्या एका तरुणाचे तोंडी आश्वासन.

मुंबई-पुण्यात पुनर्विक्रीच्या कित्येक व्यवहारांत हाच शिरस्ता आहे. खरेदीदार स्वतःच्या खिशातले थोडे आधी देतो, उरलेला मोठा हिस्सा गृहकर्जातून यायचा असतो. बँक म्हणते, नोंदवलेला करारनामा आणा, इंडेक्स-टू आणा, सोसायटीचे ना-हरकत पत्र आमच्या नमुन्यात आणा, मग पैसे सोडतो. यात बँकेचे चुकते असे नाही. एकच घर दोघा-तिघांना विकणारे महाभाग याच शहरांत होऊन गेले आहेत, आणि तारण पक्के झाल्याशिवाय कोणी कोट-दीड कोट सोडूही नयेत. चुकते ते पुढे. सगळे कागद मिळाल्यावर किती दिवसांत विकणाऱ्याचे पैसे द्यायचे, याची मुदत बँकेवर कोणी घातलेली नाही. मग ना-हरकत पत्रावर सचिवाची सही असते आणि अध्यक्षांची राहिलेली असते. अध्यक्ष मुलाकडे बंगळुरूला गेलेले असतात. ते परततात तोवर कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत संपते. ते नव्याने निघते, तर फाइल ‘सेंट्रल’ला गेलेली असते, आणि हे सेंट्रल नेमके कुठे आहे ते शाखेतल्या माणसालाही सांगता येत नाही.

विकणाऱ्याच्या डोक्यावर स्वतःचे जुने कर्ज असेल तर गाठ दोन बँकांशी पडते. खरेदीदाराच्या बँकेचा पहिला धनादेश जुन्या बँकेकडे जातो, कर्ज फिटते, घराचे मूळ कागद कुठल्याशा मध्यवर्ती भांडारातून मागवले जातात आणि ते आल्यावर उरलेली रक्कम सुटते. या कागदांसाठी निदान रिझर्व्ह बँकेचा नियम तरी आहे. सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागदाच्या उशिराला दिवसाचा भाव ठरला. त्या कागदांवर ज्याचे पैसे अडले आहेत, त्याच्या उशिराला कवडीचाही नाही.

आता दस्ताकडे पाहू. तो बहुधा खरेदीदाराच्या वकिलाने केलेला असतो. त्यात ‘सदरची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांना मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही’ असे कलम असते आणि खाली धनादेशांचे क्रमांक. यातला शेवटचा धनादेश अनेकदा कोणाच्या हातातही आलेला नसतो. बँकेचा माणूस डिमांड ड्राफ्ट दाखवतो, त्याची झेरॉक्स देतो आणि मूळ ड्राफ्ट पुन्हा पाकिटात घालून घेऊन जातो. नोंदणीची पावती शाखेत पोचली की देतो म्हणतो. विकणारा तेवढ्यावर सही करतो, कारण मागे आणखी दहा टोकन उभे असतात आणि संगणकासमोरचा कारकून अंगठ्यासाठी यंत्र पुढे सरकवत असतो.

ही सही किती महागात पडू शकते ते सुरतजवळच्या एका शेतजमिनीच्या खटल्यात दिसले. 2009 साली विक्री झाली. किंमत सुमारे 1 कोटी 74 लाख, ती 36 धनादेशांनी द्यायची होती. विकणाऱ्यांचे म्हणणे असे की हाती फक्त 40 हजार आले. दावा लावला तो 2014 च्या डिसेंबरात. दस्तात रक्कम मिळाल्याची कबुली होती, मुदतही टळली होती. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवले, आणि जाताजाता कायदा स्पष्ट केला: किमतीतली काही रक्कम मिळाली नाही, एवढ्यावरून नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही, विकणाऱ्याने वसुलीचे दुसरे उपाय शोधावेत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली विक्रीची व्याख्याच तशी आहे. किंमत दिलेली असो, देण्याचे वचन असो किंवा थोडी दिलेली आणि थोडी वचनात असो, विक्री ती विक्रीच. त्याच कायद्याने न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजा मानला आहे, व्याजही दिले आहे. पण आपणच ‘सगळी मिळाली’ असे लिहून दिल्यावर तो बोजा सिद्ध करायला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. घर विकणाऱ्या साठीच्या माणसाकडे तेवढे आयुष्य असते का, हे विचारायला नको.

अडलेल्याकडून पैसे काढणे सोपे, हे सोसायट्यांना चांगलेच कळते. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे राज्य सरकारने ऑगस्ट 2001 मध्येच सांगून ठेवले आहे. देणगीच्या नावाखाली अधिक उकळण्यालाही मनाई आहे. तरी ‘विकास निधी’, ‘रंगकाम वर्गणी’ अशा नव्या पावत्या छापल्या जातात. गंमत अशी की आदर्श उपविधींनुसार सभासदाला हस्तांतरणासाठी सोसायटीचे ना-हरकत पत्र लागतच नाही. ते लागते बँकेला. बँक अडते म्हणून सोसायटीला अडवता येते, आणि ‘ऐच्छिक’ देणगीचा आकडा समितीच्या बैठकीत ठरतो. तक्रार केली तर उपनिबंधक दाद देतीलही, पण तोपर्यंत खरेदीदार दुसरीकडे जाईल, या भीतीने माणूस निमूट धनादेश फाडतो.

प्राप्तिकर खाते मात्र कोणासाठी थांबत नाही. व्यवहार 50 लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर 2013 पासून खरेदीदाराने एक टक्का कापून सरकारजमा करायचा असतो. विकणाऱ्याचे पॅन आधारशी जोडलेले नसल्याने निष्क्रिय झाले असेल, तर हाच दर 20 टक्क्यांवर जातो. कापलेली रक्कम भरताना खरेदीदाराने पॅनचा एक आकडा चुकवला तर ती दुसऱ्याच्याच नावे दिसते, आणि दुरुस्तीसाठी खरेदीदाराच्याच विनवण्या कराव्या लागतात. त्याला आता घर मिळालेले असते. त्याने फोन तरी का उचलावा? शिवाय भांडवली नफ्याचे वर्ष हस्तांतरणाच्या तारखेवरून ठरते, पैसे कधी आले यावरून नव्हे. मार्चमध्ये घर हस्तांतरित झाले आणि बँकेने मे महिन्यात पैसे सोडले, तरी कर मार्चला संपणाऱ्या वर्षाचा. कर वाचवणाऱ्या रोख्यांची सहा महिन्यांची मुदतही हस्तांतरणापासूनच धावू लागते. न मिळालेल्या पैशाची गुंतवणूक मुदतीत कशी करायची, याचे उत्तर करसल्लागारांकडे असते. त्यांचीही फी असते.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणारी मुले आईवडिलांचा डोंबिवलीचा किंवा कोथरूडचा फ्लॅट विकतात, त्यांची तर आणखी तऱ्हा. अनिवासी विकणाऱ्याचा दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. कर नफ्यावर आहे, पण कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून आधी मिळवला नसेल तर धास्तावलेला खरेदीदार तो सगळ्या किमतीवर कापतो. जादा कापलेले परत मागायचे ते विवरणपत्र भरून. राहिलेले एनआरओ खात्यात येतात, आणि तिथून परदेशी न्यायचे तर पुन्हा सनदी लेखापालाचा दाखला आणि वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा.

एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. तपासणीत असे आढळले होते की काही कर्जसंस्था धनादेशावरच्या तारखेपासून कर्जदाराला व्याज लावतात आणि धनादेश मात्र बऱ्याच दिवसांनी हाती देतात. रिझर्व्ह बँकेने हे बंद करायला, जादा घेतलेले व्याज परत करायला आणि धनादेशाऐवजी ऑनलाइन पैसे पाठवायला सांगितले. बरेच झाले. पण या दिवसांत धनादेश ज्याच्या नावाचा होता, त्याचा विचार त्यात नाही. बँकेच्या लेखी तो गिऱ्हाईकच नसतो.

इंग्लंडमध्ये खरेदीदाराच्या सॉलिसिटरकडून रक्कम विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे पोचली की मगच किल्ल्या हलतात, आणि हे बहुधा एकाच दिवशी उरकते. आपल्याकडे एवढे करायला नवा कायदाही लागणार नाही. 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरांना ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, आणि बँकांनी ती खाती उघडलीच ना? पुनर्विक्रीतही कर्जाची पूर्ण रक्कम नोंदणीच्या आधी तशाच तटस्थ खात्यात पडावी, इंडेक्स-टू निघाला की ती विकणाऱ्याकडे जावी, दस्त फिसकटला तर बँकेकडे परत यावी, एवढे रिझर्व्ह बँकेला एका परिपत्रकात सांगता येईल. दस्त लिहिणाऱ्या वकिलांनाही ‘रक्कम मिळाली’ऐवजी ‘रक्कम अमुक तारखेपर्यंत मिळेल, न मिळाल्यास व्याज, आणि ताबा त्यानंतरच’ असे लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

बँका म्हणतील, पैसा खात्यात नुसता पडून राहिला तर त्या दिवसांचे व्याज कोणी सोसायचे? रिझर्व्ह बँकेने कान धरेपर्यंत न दिलेल्या धनादेशावरचे व्याज खरेदीदार सोसतच होता. तेव्हा हा प्रश्न कोणत्याही बँकेला पडला नव्हता.