तळ्यात चारा मूठभरच टाका

गळ टाकण्याआधीचा चारा मी घरीच करतो. शेंगदाण्याची पेंड फोडून भिजवायची, तव्यावर खरपूस भाजलेला गव्हाचा कोंडा मिसळायचा. रोहू मधल्या थरात चरतो, त्याच्यासाठी गोळा पाण्यात पडताच फुटला पाहिजे. मृगळ तळाशी, त्याला घट्ट गोळा. माशाची भूक चाळवायला वास पुरतो. पोट भरलं तर तो गळाकडे फिरकतही नाही. तरी लोक गावतळ्यात पाटीभर चारा ओततात, याचा मला संताप येतो. उरलेली पेंड तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते. उन्हाळ्यात, पाणी आटलेलं असताना, मासे पहाटे वर येऊन धापा टाकतात. मे महिन्यात तरी आटलेल्या तळ्यात चारा टाकूच नये.