पहिल्या प्रश्नासाठी पैसा हवा

भारतातल्या एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी शोधला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या. प्रयोगशाळा छोटी, जुजबी. रक्ताचे नमुने निर्मलांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले होते. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आली ती त्यानंतर, १९९२मध्ये.

तो शोध अशा तुटपुंज्या साधनांवर लागला, आणि आजही नव्या संशोधकाकडे निधीआधी निकाल मागितला जातो. हे उलटे आहे. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा स्थलांतरात एचआयव्हीच्या औषधात खंड पडला की विषाणू उसळतो, कधी औषधाला दाद देईनासा होतो. क्षयरोग टपलेला असतोच. उसाच्या फडावर गोळ्या कशा पोहोचवायच्या, हा मोलाचा संशोधनप्रश्न आहे. तो यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरने हाती घ्यावा.  राज्य सरकारने अशा वर्ष-दीड वर्षाच्या छोट्या अभ्यासांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि त्यांतले काही फसतील हे गृहीत धरूनच करावी.