जात्याचा घास आणि काचेची पेटी

'लहान मुलांना वस्तुसंग्रहालयात नेऊ नये; त्यांना काही कळत नाही आणि ती इतरांना काही पाहू देत नाहीत.' हे मत आम्ही इतक्या सुविद्य मुखांतून ऐकले आहे की त्याला आता मत म्हणण्यापेक्षा शिष्टाचार म्हणणेच योग्य ठरेल. साहित्याच्या प्राध्यापकांपासून इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत या एका बाबतीत दुर्मिळ असे मतैक्य आढळते. ते मोडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त अगदी साधे घडले. आम्ही तिघेजण, तिघेही महाविद्यालयात मराठी शिकवणारे, आमच्या घरांतली पाच मुले घेऊन एका जिल्ह्याच्या गावातले संग्रहालय पाहायला गेलो. सर्वांत धाकटी मुलगी अडीच वर्षांची, थोरला मुलगा पाचाचा. तलवारींच्या दालनातून मुले न थांबता पुढे गेली. नाण्यांच्या पेट्या त्यांच्या डोक्यांपेक्षा उंच होत्या, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. मग एका कोपऱ्यात काचेआड एक जाते दिसले. धाकटी तिथे बसली ती बसलीच. बराच वेळ निरखून तिने विचारले, "ह्याला भूक लागली का?"

पेटीवरची पाटी सांगत होती: 'जाते. दगड व लाकूड. एकोणिसावे शतक.'

या दोन विधानांपैकी जात्याविषयी अधिक जाणणारे कोणते, असा प्रश्न आम्ही वाचकांना विचारतो. जात्याच्या वरच्या तळीला मध्यभागी जे भोक असते त्याला मराठीत 'तोंड' म्हणतात. त्यात जी मूठभर धान्याची भर घालायची तिला 'घास' म्हणतात. कुठे 'वैरण' म्हणतात. म्हणजे जाते हे खाणारे आहे, त्याला भरवावे लागते, हे आपल्या भाषेने केव्हाच ठरवून टाकलेले आहे. ज्या बायकांनी पहाटे उठून ते भरवले त्यांनी ठरवलेले आहे. जिने आयुष्यात जाते पाहिले नव्हते त्या मुलीने त्या बायकांचे रूपक पुन्हा एकदा, कुणी न सांगता, शोधून काढले. आम्ही मात्र वर्षानुवर्षे वर्गात ओव्या शिकवल्या. छंद सांगितला, स्त्रीदुःख सांगितले, जात्याच्या फेऱ्याशी ओवीच्या लयीचे नाते असते हे परीक्षोपयोगी वाक्यही सांगितले. पण 'घास' हा शब्द आमच्या तोंडी केव्हाच मेला होता. तो जिवंत झाला तो त्या प्रश्नाने.

तेवढ्यात तिने काचेवर दोन्ही तळवे टेकले आणि मागून आवाज आला, "ताई, पोरांना आवरा. काचेला हात लावायचा नाही." त्या रखवालदाराला आम्ही दोष देत नाही, काच फुटली तर जाब त्यालाच द्यावा लागणार. आमचा वाद आहे तो त्याच्या तोंडून बोलणाऱ्या विचाराशी.

तो विचार असा की, संग्रहालयातली वस्तू म्हणजे पाटीवरच्या माहितीचा पुरावा. ज्याला पाटी वाचता येत नाही त्याचा तिथे काय अधिकार? 'चौथीत इतिहास सुरू झाला की आणा,' असे आम्हांला एका सहकारी बाईंनी सुचवलेही. चौथीतली मुले आम्ही पाहिली आहेत. ती रांगेत येतात, वहीत पाट्या उतरवून घेतात आणि वस्तूकडे न पाहता पुढे सरकतात. हे आम्हांला फार ओळखीचे वाटते, कारण आमच्या पदवीच्या वर्गातही हेच चालते. आधी कालखंड, मग प्रवाह, मग वैशिष्ट्ये, आणि वेळ उरलाच तर कविता. पाटी आधी आणि वस्तू नंतर, हा रोग एकच आहे. शाळेत न गेलेले मूल हा संग्रहालयात येणारा असा एकमेव वाचक आहे की ज्याला हा रोग अजून जडलेला नाही. आणि नेमके त्यालाच आपण दारावर अडवतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला जतनाचा, आणि तो खोटा नाही. हाताच्या घामाने व तेलकटपणाने धातू, कापड, कागद यांची हानी होते. पैठणी वा पोथी मुलांच्या हाती द्यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण जाते? उखळ? पाटा-वरवंटा? ज्या दगडाने कैक वर्षे रोज दोन हातांचे बळ सोसले, तो एका मुलीच्या तळव्याने झिजेल हे आम्हांला पटत नाही. शिवाय गावोगाव जाती आज परड्यात आणि उकिरड्यावर पडून आहेत. एक काचेत ठेवा, एक जमिनीवर मांडा, शेजारी सुपात मूठभर ज्वारी ठेवा. याला अनुदान लागत नाही, इच्छा लागते.

दुसरा आक्षेप असा की, मुलांसाठी स्वतंत्र सोयी आता होत आहेत. होत आहेत, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये केवळ मुलांसाठीचे संग्रहालय १८९९ साली उघडले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात बालसंग्रहालय २०१९ साली आले. परंतु जिल्ह्याच्या गावी 'मुलांसाठी' या नावाखाली पुष्कळदा काय होते? भिंतीवर पगडी घातलेला हसरा हत्ती आणि छायाचित्र काढून घेण्यासाठी पुठ्ठ्याचा मावळा. मुलाला खरी वस्तू झेपणार नाही, त्याला तिची नक्कल पुरे, हा यामागचा समज आम्हांला रखवालदाराच्या दटावणीपेक्षाही अपमानास्पद वाटतो. दटावणीत निदान वस्तूचा मान तरी आहे.

हे काही आम्ही आज नवे सांगत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शंख, बिया, खडे, पाने हीच तिथली शैक्षणिक साधने होती. मूल इंद्रियांनी विचार करते, हे मराठी मुलुखात इतक्या आधी करून दाखवले गेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ पायाभूत टप्प्यात घेतला, तेव्हा आपण सर्वांनी माना डोलावल्या. मग संग्रहालयाच्या दाराशी ती तीन वर्षांची व्यक्ती एकाएकी अपात्र कशी ठरते?

आणि प्रश्न केवळ बालशिक्षणाचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बहिणाबाईंच्या कवितेत 'घरोटा' आहे. हे धन कागदावर आणि ध्वनिफितींवर सुरक्षित आहे. पण ते वाचणाऱ्या पुढच्या पिढीने खुंटा हातात धरलेला नसेल, तर ते धन कुलूपबंदच राहणार. सूप, रोवळी, उखळ, अडकित्ता, समई या शब्दांना वस्तू हवी, आणि ती शब्दाच्या आधी किंवा निदान शब्दाबरोबर भेटायला हवी. घरांतून या वस्तू गेल्या. आता त्या भेटण्याची जागा गावचे संग्रहालय हीच उरली आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा दिवे, अडकित्ते, वज्री, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा थाट मोठा आहे. तो जमवणारे दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी होते, ही गोष्ट आम्हां साहित्यवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आणि संग्रहालयाच्या नावातला 'राजा' कोणत्याही गादीवर बसलेला नाही. तो त्यांचा एकुलता एक मुलगा, बालवयातच गेलेला. महाराष्ट्रातल्या एका थोर संग्रहालयाच्या दारावर एका लहान मुलाचे नाव कोरलेले असताना 'इथे मुलांचे काय काम?' असे विचारण्याचे धाडस आपल्याला होते तरी कसे?

आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक गावच्या संग्रहालयात एक तरी पेटी तीन वर्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. एक तरी वस्तू हात लावण्यासाठी असावी. आणि आईबापांनी सारी दालने पालथी घालण्याचा हट्ट सोडून एका वस्तूपाशी अर्धा तास बसावे, मुलाला कंटाळा येताच निमूट घरी यावे. माहिती सांगू नये. विचारले तरच बोलावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे कबूल करावे.

आम्हांला त्या दिवशी तेवढे सुचले नाही. "भूक लागली का?" या प्रश्नाला आमच्यापैकी एकाने "अगं, ते जुन्या काळातले यंत्र आहे" असे उत्तर दिले. मुलगी उठली आणि दुसरीकडे गेली. मराठीच्या तीन प्राध्यापकांना 'हो' म्हणता आले नाही.