तलवार कुणाची, पेज कुणाची

फिल्म सोसायटीवाले कुरोसावाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. मी लावणार नाही. 'योजिंबो' (१९६१) मी तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा शिट्टी मारलीय. तोशिरो मिफुने खांदे उडवत, अंग खाजवत, उपाशीपोटी चौरस्त्यावर येतो, काठी हवेत फेकतो, ती दाखवेल त्या दिशेला चालू लागतो. बाप माणूस! माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे त्याच्या कमरेला लटकलेल्या चीजेशी.

गावात दोन टोळ्या. एकीमागे रेशमाचा व्यापारी, दुसरीमागे साके गाळणारा. मुडद्यांच्या पेट्या ठोकणाऱ्याचा धंदा तेजीत. दिंडोशीच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन दादा, दोघांमागे दोन बिल्डर, मधे झोपडपट्टी. मिफुने दोघांनाही खेळवतो, झुंजवतो, संपवतो आणि चालता होतो. पब्लिक खूष.

या खुशीत एक पोरगा नजरेतून सुटतो. सिनेमाच्या सुरुवातीलाच एका शेतकऱ्याचा मुलगा बापाशी भांडून पळतो. जन्मभर पेज पिऊन जगायचं नाही म्हणतो. चूक काय बोलला? शेवटच्या मारामारीत तोच पोरगा मिफुनेच्या तलवारीसमोर येतो, आईच्या नावाने रडतो. मिफुने त्याला सोडतो आणि सांगतो, घरी जा, पेज पी, लांब आयुष्य जग. थेटरात हशा पिकतो.

साला, हसायचं काय आहे? तलवार माझी, पेज तुझी, हाच त्याचा अर्थ. आणि ही गंमत कुरोसावाच्या डोक्यातून आलेली नाही. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशीने फर्मान काढून शेतकऱ्यांच्या तलवारी, भाले, बंदुका काढून घेतल्या. कारण काय दिलं? बुद्धाच्या मंदिराला खिळे लागणारेत! हिदेयोशी स्वतः हलक्या घरात जन्मलेला, हत्याराच्या जोरावर वर चढलेला. वर पोचला आणि शिडी ओढून घेतली. (असले आपल्याकडेही आहेत. नावं तुम्हीच घाला.)

आता दुसरी गोष्ट. शेवटी रस्ताभर प्रेतं पडतात. पेटीवाला दिसतो. पण त्या काळात मेलेली जनावरं कोण ओढायचं? देहदंड झालेल्यांची प्रेतं कोण हलवायचं? सामुराईच्या चिलखताचं कातडं कोण कमवायचं? एता आणि हिनिन, गावकुसाबाहेरचे. सिनेमात त्यांचा पत्ता नाही. महारमांगांना हे नव्याने सांगायला हवं?

कुरोसावाला कळत नव्हतं असं नाही. तो स्वतः सामुराई घराण्यातला. 'सेव्हन सामुराई'त (१९५४) त्याने किकुचियो उभा केला, शेतकऱ्याचा पोर, जो खोटी वंशावळ दाखवून सामुराई बनू बघतो. शेतकऱ्यांना असं लबाड, भेकड कुणी केलं, तुम्हीच ना, असं तो सामुराईंच्या तोंडावर फेकतो. असला सीन आपल्या पडद्यावर मला दिसलेला नाही. पण किकुचियो गोळी खाऊन मरतो, तेव्हा दिग्दर्शकाला किती मार्क द्यायचे ते तुम्ही ठरवा.

आमच्या वस्तीला खेटून चित्रनगरी आहे. १९७७ पासून तिथे प्लायवूडची गावं उभी राहतात, जळतात, मोडली जातात. दर गावात बाहेरून एक हिरो येतो आणि रोजावरची माणसं 'घाबरलेले गावकरी' होतात. हात जोडून उभं राहायचे पैसे मिळतात. मग घरी येऊनही पोरं वाट बघत बसतात, कुणीतरी येईल, एकटा, धुळीतून.

जपानात गावकुसाबाहेरच्यांनी वाट बघितली होती. १८७१च्या सरकारी हुकमाने एता, हिनिन ही नावं कागदावरून पुसली, माणसांच्या तोंडातून नाही. मग ३ मार्च १९२२ला क्योतोत ते स्वतःच जमले, सुईहेइशा नावाची संघटना काढली. झेंडा काळा, त्यावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ला, बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं महाडच्या तळ्यावर चालत गेली. एकाच्याही कमरेला तलवार नव्हती.