पॉवर शून्य, टॅक्स अठरा

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. एक साधा प्रश्न. लहान मुलाच्या मापाचे दोन चष्मे समोर ठेवलेत. फ्रेम तीच, न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच तीच. एकाला मायनस अर्धा नंबर आहे. दुसऱ्याला नंबरच नाही. तो फक्त बॉल, विटी किंवा फटाक्याची ठिणगी डोळ्यात जाऊ नये म्हणून घालायचा. सरकारच्या लेखी यातला गरजेचा कुठला?

उत्तर जीएसटीच्या तक्त्यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर ५ टक्के कर लागतो (आधी १२ होता, कमी केला, चांगलंच झालं). बिननंबरच्या संरक्षक चष्म्यावर मात्र १८ टक्के. म्हणजे डोळा बिघडला की सवलत, आणि बिघडू नये म्हणून काही केलंत तर पूर्ण भाव! आयात करताना हेच दर आयजीएसटी म्हणून लागतात, वर कस्टम ड्युटी वेगळी.

हे कुणी दुष्टपणाने केलंय असं मला वाटत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. जगभर मालाचं वर्गीकरण एचएस कोडने होतं. चष्मे आणि गॉगल्स ९००४ मध्ये येतात, आणि त्या शीर्षकातच ‘दृष्टी सुधारणारे, संरक्षक किंवा इतर’ असं लिहिलंय. पण त्याखाली फाटे फुटतात तेव्हा पहिला मान सनग्लासेसना, आणि बाकी सगळे ‘इतर’ मध्ये. आपण भारतात त्या ‘इतर’ मध्येही अंधारात बघायच्या गॉगल्सना स्वतंत्र आठ आकडी कोड दिला. पोरांच्या संरक्षक चष्म्याला नाही. तो शेवटच्या ‘इतर’ मधल्या ‘इतर’ मध्ये, म्हणजे ९००४९०९० मध्ये जाऊन पडतो. कोडमधल्या शेवटच्या एल्समध्ये काय काय येऊन पडतं हे कोणी बघत नाही, तसंच. ज्याला वेगळा कोड नाही तो माल वर्षाला किती आला हे मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यासाठी सवलत मागणार तरी कशी?

आता म्हणाल, सणसवाडीत बसून या माणसाला एवढं का लागलंय? तर आमच्या गावाचंच बघा. नगर रोडच्या दोन्ही बाजूंना कारखाने. ग्राइंडिंग, वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला गॉगल देणं मालकावर बंधनकारक आहे आणि ते आजचं नाही. फॅक्टरीज अॅक्ट १९४८ चं कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली, पण मालकाची जबाबदारी संपली नाही. म्हणजे बापाचा डोळा कंपनीच्या गेटच्या आत कायद्याने सांभाळलाय. पोरगं मात्र गेटबाहेर, फॅब्रिकेशनच्या शटरसमोर उभं राहून ठिणग्या बघतंय, नाहीतर मोकळ्या प्लॉटवर विटी-दांडू खेळतंय. त्याच्यासाठी कायदा नाही, आणि बापाचा गॉगल त्याच्या नाकावर टिकत नाही. मोठ्यांच्या मापाचा गॉगल घसरतो, बाजूने फट राहते, आणि विटी नेमकी त्या फटीतूनच येते.

ज्या मुलाचा एक डोळा आधीच अधू आहे, त्याच्यासाठी तर ही चैन नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून स्पष्ट सांगितलंय की ज्याच्या कमजोर डोळ्याची नजर चष्मा लावूनही ६/१२ पेक्षा कमी आहे, त्याने खेळताना संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे. कारण उघड आहे, दुसरा डोळा गेला तर सगळंच गेलं. माझ्या एका मित्राच्या पुतण्याची हीच गोष्ट. चांगल्या डोळ्याला नंबर नाही, म्हणून दुकानदार म्हणतो याला चष्मा कशाला? शेवटी परदेशातल्या आत्याने पाठवला.

आणि मग कस्टम्स. पूर्वी नातेवाइकांकडून भेट म्हणून लहानसहान वस्तू ड्युटीशिवाय येत. डिसेंबर २०१९ मध्ये ती सोय बंद झाली. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. बहिणीने भावाला पाठवलेली राखी चालते, आत्याने भाच्याला पाठवलेल्या चष्म्यावर मात्र ड्युटी भरा. :-)

वैयक्तिक वापराच्या वस्तूंना ९८०४ हा एकच कोड आहे. त्यात चष्मा असो की परफ्यूम, दर एकच. २०२६ च्या अर्थसंकल्पात हा दर २० वरून १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. तोच धरून हिशोब करू. चष्मा २,००० रुपयांचा. विमानाने आलेल्या मालाचं भाडं जास्तीत जास्त किमतीच्या २० टक्के धरतात, म्हणजे मूल्य २,४०० (विमा बाजूला ठेवू). ड्युटी २४०. मग २,६४० वर १८ टक्के आयजीएसटी, ४७५. एकूण सव्वासातशेच्या आसपास. शिवाय केवायसी, बिलाची प्रत आणि कुरियरवाल्याचा हाताळणी खर्च. खराडीत नोकरी करणाऱ्याला हे परवडेल. सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. कस्टम्सचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. मग कुणीतरी खेळण्यातले गॉगल ‘संरक्षक चष्मा’ म्हणून उतरवायला बघणारच. त्यात २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलंय. न्हावा-शेवाला उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघू शकतो. त्याच्यासमोर चष्मा नाही, फक्त वर्णन असतं. ‘किड्स गॉगल्स’ एवढं वाचून त्याने काय समजायचं?

म्हणूनच ‘ड्युटी माफ करा’ एवढी अर्धवट मागणी मला पटत नाही. तसं केलं तर बाजारात रंगीत प्लास्टिकचा कचरा येईल आणि आई-बाप त्यावर विश्वास ठेवतील. ते तर काहीच न घालण्यापेक्षा वाईट. सुरुवात मानकापासून हवी. आपल्याकडे आयएस ५९८३ आहे, पण ते कारखाना डोळ्यासमोर ठेवून केलेलं. अमेरिकेत खेळांच्या चष्म्यांसाठी एएसटीएम एफ८०३ आहे. तसं मुलांच्या मापाचं, मुलांच्या खेळांचं भारतीय मानक करा. ते पास करणाऱ्या चष्म्याला वेगळा आठ आकडी कोड द्या. आणि त्या कोडवर ५ टक्के लावा, नंबर असो वा नसो. या तीन गोष्टी याच क्रमाने झाल्या तर अधिकाऱ्याला संशय घ्यायचं कारण उरणार नाही, दुकानदार माल ठेवेल, आणि मागणी दिसली की इथलाच एखादा मोल्डिंगवाला बनवायलाही लागेल. मग आयातीचा प्रश्नच नको.

ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले, काहींची नजर गेली. त्यानंतर बंदी आली, धाडी पडल्या, जे व्हायचं ते सगळं झालं. पण पोरांच्या डोळ्यावर काय असायला हवं होतं, ही चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही.

असो. तुमच्या ओळखीत कुणी सीए, ऑप्टिशियन किंवा क्लिअरिंग एजंट असेल तर त्याला हा तक्ता एकदा दाखवा. आणि पुढच्या वेळी पोराला शटल किंवा हॉकी स्टिक घेऊन द्याल, तेव्हा दुकानदाराला एवढं विचारा, ‘याच्या मापाचा गॉगल आहे का?’ दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो दाखवेल.